जाम झालेला टर्बो : बदलण्यापूर्वी काय पाहाल?

पावसाळी बंदी उठते. नौका शाकारणीतून निघून पुन्हा पाण्यात उतरते, बर्फ आणि डिझेल भरले जाते, खलाशी गावाहून परत येतात. आणि नेमके त्याच दिवशी लक्षात येते की इंजिन पूर्वीसारखे ओढत नाही. सुरू होते, आवाजही ठीक असतो, पण भार पडला की धूर काळा येतो आणि वेग वाढत नाही. मिस्त्री येतो, हवेचा पाइप काढून टर्बोच्या पंख्याला बोट लावतो आणि दोन शब्दांत निकाल देतो, "शेठ, टर्बो जाम आहे. नवा आणा."

हा निकाल कधी बरोबर असतो, तर कधी साफ चुकीचा. जाम झालेला टर्बो म्हणजे निकामी झालेला टर्बो नव्हे. पुष्कळदा तो दोन दिवसांच्या मेहनतीने सुटतो आणि पुढे अनेक हंगाम चालतो. उलटपक्षी, काही वेळा तो सहज सुटतो, मालक खूश होतो आणि तोच टर्बो आठ दिवसांनी भर समुद्रात दगा देतो. तेव्हा खरा प्रश्न तो सुटतो की नाही हा नसून, तो कोठे आणि कशामुळे अडकला हा आहे.

प्रस्तुत लेखक कापडाचा व्यापारी आहे, मिस्त्री नव्हे. परंतु रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नात्यातील दोन ट्रॉलर आहेत आणि त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या अनेक वर्षे माझ्याकडे आहेत. वहीत 'टर्बो' हा शब्द वारंवार येऊ लागला, तेव्हा ही काय बला आहे ते समजून घेणे भाग पडले. कोकणातील आपले अनेक बांधव मासेमारीत आहेत, कित्येक जण मोठ्या जहाजांवर नोकरीला आहेत, आणि डिझेल इंजिनाची मरम्मत करणारे कारागीर तर गावोगाव आहेत. त्यांना हा मजकूर उपयोगी पडावा.

टर्बो करतो काय?

डिझेल जाळायला हवा लागते. जितकी अधिक हवा सिलिंडरमध्ये कोंबता येईल, तितके अधिक डिझेल जाळता येते आणि त्याच इंजिनातून अधिक ताकद मिळते. ही हवा कोंबण्यासाठी वेगळी मोटर न लावता, जो गरम धूर एरवी वाया जातो त्याच्याच जोरावर पंखा फिरवायचा, ही टर्बोची हिकमत आहे. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९२०च्या दशकात जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर टर्बो बसवलेली डिझेल इंजिने चालू लागली. म्हणजे ही चीज मोटारीत येण्याच्या पुष्कळ आधी समुद्रावर रुळली होती.

टर्बोचे तीन भाग ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे जाते. एका बाजूला बिडाचे जाड कवच आणि त्यात धुराने फिरणारे चक्र. ही गरम बाजू. दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमचे कवच आणि त्यात हवा ओढणारा अॅल्युमिनियमचा पंखा. ही थंड बाजू. दोघांना जोडणारा एकच शाफ्ट मधल्या भागातून जातो आणि तेथे तो बुशांमध्ये फिरतो. या मधल्या भागाला, चक्र आणि पंख्यासकट, कारागीर 'कोर' म्हणतात.

आपल्या मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना बुश नवा नाही. साध्या पॉवरलूमचा शाफ्ट मिनिटाला सुमारे दीडशे फेरे घेतो आणि त्याचा बुश थोडा झिजला तरी माग खडखडत का होईना चालत राहतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला साठ-सत्तर हजारांपासून लाखाच्या वर फेरे घेतो. लाख फेरे म्हणजे सेकंदाला सोळाशेहून अधिक. इतक्या वेगात धातूला धातू लागून चालतच नाही. शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये इंजिनाच्याच ऑइलचा एक पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. ऑइल आले नाही, घाण आले किंवा जळून कोळसा झाले की खेळ खलास.

जहाजावरच्या आणि ट्रॉलरवरच्या पुष्कळ इंजिनांत आणखी एक भानगड असते. इंजिनाची खोली लहान, भोवती लाकूड आणि डिझेल, आणि टर्बोत येणारा धूर पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसचा. म्हणून गरम बाजूच्या कवचाला दुहेरी भिंत करून मधून पाणी फिरवतात. ही सोय चांगली आहे, पण पाणी आणि गरम धूर यांच्यामध्ये एकच भिंत उरते, हे विसरू नये.

अडकतो कोठे?

जाम होण्याच्या जागा मुख्यतः दोनच. एक, गरम बाजूचे चक्र आणि त्याचे कवच यांच्यामधली फट. दोन, मधला बुशांचा भाग. बाकी कारणे किरकोळ.

पहिल्या प्रकारात चक्र स्वतः गंजत नाही, कारण ते बहुधा निकेलच्या मिश्रधातूचे असते. गंजते ते भोवतालचे बिडाचे कवच. चक्राची पाती आणि कवच यांच्यात अंतर किती, तर मिलिमीटरच्या काही दशांशाइतके. गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त जागा घेतो, त्यामुळे थोडा गंज फुगला तरी ती फट बुजते. त्यात धुराची काजळी आणि समुद्राच्या हवेतले मीठ मिसळते आणि त्याचा सिमेंटसारखा लगदा तयार होतो. दोन महिने नौका उभी राहिली की चक्र त्यात रुतून बसते. बंदीनंतर जाम सापडणाऱ्या टर्बोंत हा प्रकार फार दिसतो आणि सुटण्यासारखा प्रकारही हाच आहे.

दुसऱ्या प्रकारात ऑइल जळून बुशांभोवती आणि गरम बाजूच्या सील-रिंगपाशी कोळसा बसतो. इंजिन पूर्ण जोरात चालवून जेटीला लागताच चावी फिरवून बंद करण्याची सवय याला कारण असते. इंजिन थांबले म्हणजे ऑइलचा पंपही थांबला. टर्बो मात्र तेव्हाही तापलेला असतो आणि त्याच्या पोटातले उरलेसुरले ऑइल कढईतल्या तेलासारखे जळते. बंदरात शिरल्यावर इंजिन तीन-चार मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे, हे प्रत्येक तांडेलाला माहीत असते. पाळतो कोण, हा प्रश्न निराळा. लिलावाची वेळ साधायची घाई असते, हे मलाही समजते.

बुश जाम होण्याचे त्याहून वाईट कारण म्हणजे ऑइलच न पोहोचणे. अशा वेळी शाफ्ट आणि बुश एकमेकांना चिकटतात, शाफ्टवर निळसर-काळे डाग आणि चरे पडतात. हा टर्बो सोडवण्यात अर्थ नाही.

थंड बाजू सहसा जाम होत नाही. पण उघडल्यावर तिथे एकदा नीट पाहावे. हवेच्या पाइपात राहिलेली पुसायची चिंधी पंख्याने ओढून घेतलेली असते किंवा पावसाळ्यात उंदराने आत संसार थाटलेला असतो.

निदान करण्याची रीत साधी आहे. दोन्ही बाजूंचे पाइप काढून बॅटरीच्या उजेडात पाहा. गरम बाजूला लाल-तपकिरी गंज, पांढरट मिठाचे डाग किंवा ओल दिसली तर पहिला प्रकार. तेथे गंज नाही, पण चिकट काळे ऑइल ओघळलेले दिसते, तर दुसरा. पाती तुटलेली, वाकलेली किंवा कडेने चकाकेपर्यंत घासलेली दिसली तर पुढे मेहनत करू नका, कोर बदलायचाच आहे. आणि पंखा एका बाजूने फिरवला असता चक्र दुसऱ्या बाजूला हलतच नसेल, तर शाफ्ट तुटला आहे. त्या पंख्याला 'फिरतोय' म्हणणारा मिस्त्री बदलावा.

सोडवण्याची रीत

पहिली गोष्ट, घाई नको. गंज आणि काजळी भिजायला वेळ लागतो आणि तो वेळ देणे हाच अर्धा इलाज आहे. टर्बो जागेवर असतानाच, म्हणजे फक्त धुराची नळी आणि हवेचा पाइप काढून, चक्राच्या कडेने गंज सोडवणारे पातळ ऑइल फवारावे. स्प्रेचा डबा नसेल तर डिझेलमध्ये थोडे गिअरचे पातळ ऑइल मिसळून पिचकारीने सोडले तरी काम भागते. सकाळ-संध्याकाळ फवारा आणि मध्ये हात न लावता एक रात्र जाऊ द्या. इंजिन अर्थातच थंड असावे आणि आसपास विडी-सिगारेट नसावी.

दुसऱ्या दिवशी थंड बाजूच्या पंख्याचा मधला जाड भाग बोटांनी धरून पुढे-मागे हलवून पाहावा. एकाच दिशेने जोर लावू नये. केसाएवढे पुढे गेले तर तितकेच मागे आणावे, पुन्हा फवारावे, पुन्हा हलवावे. भरडलेला गंज असाच हळूहळू बाहेर पडतो. पातीच्या टोकाला धरून ओढले तर अॅल्युमिनियमची पाती वाकते. वाकलेली पाती हाताने सरळ केली तरी पंख्याचा तोल गेलेला असतो.

पंख्याच्या टोकावरच्या नटला पाना लावण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो आवरावा. तो नट मोजून आवळलेला असतो, पुष्कळ टर्बोंत त्याचे आटे उलटे असतात, आणि जाम शाफ्टवर जोर दिला तर नट सुटतो किंवा शाफ्टच पिळला जातो. पाना लावायचाच असेल तर तो गरम बाजूने. चक्राच्या मध्यभागी टोकाला बहुधा षटकोनी किंवा बारा कोनी गाठ असते. तिच्यावर सॉकेट बसवून, हाताच्या मनगटाइतक्याच जोराने, पुढे-मागे. लांब दांडा लावून नव्हे.

एवढ्याने सुटला तर उत्तम. नाही सुटला तर टर्बो इंजिनावरून उतरवून गरम बाजूचे कवच वेगळे करावे लागते. उतरवण्यापूर्वी तिन्ही भागांवर आरपार एक रेघ रंगाने मारून ठेवावी, कारण कवच कोणत्या कोनात बसवले होते हे नंतर कुणालाही आठवत नाही. मॅनिफोल्डचे स्टड लालबुंद गरम होऊन-थंडावून इतके कडक झालेले असतात की पाना लावताच तुटतात. त्यांनाही रात्रभर भिजू द्यावे आणि नट सोडताना थोडा सैल, थोडा आवळ, असे करत यावे. एक स्टड तुटला की ड्रिल, आटे पाडणे, वेल्डिंग यांत अख्खा दिवस जातो.

कवच काढताना ते सरळ रेषेत बाहेर यायला हवे. लाकडी किंवा रबरी हातोडीने भोवतालून थोडे थोडे ठोकत आणावे. एका बाजूने पटाशी घालून उचकटले तर कवच तिरपे होते आणि आतली पाती चिरडली जातात. एका हंगामाच्या सुरुवातीला हे माझ्यासमोर घडले आहे. गंज मूठभर होता, बुश शाबूत होते, दोन दिवस भिजवले असते तर काम झाले असते. पण बर्फ विरघळतो आहे म्हणून छिन्नी घातली गेली आणि चांगला कोर भंगारात गेला. नवा येईपर्यंत नौका सहा दिवस जेटीला बांधलेली होती. वाचवायला गेले एक दिवस आणि घालवले सहा.

कवच सुटे झाले की आतला गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करता येतो. सुटे बिडाचे कवच व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवले तरी गंज मऊ पडतो, मात्र नंतर साध्या पाण्याने धुऊन, वाळवून लगेच ऑइल लावावे. चक्राच्या पात्यांवर तारेचा ब्रश नको, डिझेलने भिजवून नायलॉनचा ब्रश वापरावा. काजळी एका पातीवर राहिली आणि दुसरीवरची निघाली तरी तोल बिघडतो, तेव्हा सर्व पाती सारखी साफ करावीत.

येथे आपल्या व्यवसायातील मंडळींना एक इशारा. रंगाई-धुलाईच्या कारखान्यांत कॉस्टिक सोडा सर्रास असतो आणि काजळी काढायला तो हाताशी बरा वाटतो. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो, वर पेट घेणारा वायू सोडतो. टर्बोचा पंखा आणि थंड बाजूचे कवच अॅल्युमिनियमचे असते. कॉस्टिकच्या बादलीत टाकलेला पंखा सकाळी ओळखू येणार नाही.

गॅसच्या बत्तीने टर्बो तापवण्याचा प्रकारही पाहण्यात आहे. ऑइल फवारलेल्या भागावर, लाकडी नौकेच्या पोटात बत्ती पेटवणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

सुटला, पण चालेल का?

सुटलेला टर्बो बोटाने फिरतो म्हणून लगेच बसवू नये. तीन गोष्टी तपासाव्यात. शाफ्ट पुढे-मागे, म्हणजे लांबीच्या दिशेने, ओढून-ढकलून पाहावा. ही हालचाल बोटाला जाणवण्याइतकी असता कामा नये. डायल गेज असेल तर साधारण ०.०३ ते ०.१० मिलिमीटरच्या आत यावी, तुमच्या टर्बोचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. बाजूला, म्हणजे वर-खाली, थोडी हालचाल राहतेच, कारण ऑइलच्या थराला जागा हवी. पण शाफ्ट एका बाजूला दाबून धरून फिरवला असता पंखा किंवा चक्र कवचाला घासता कामा नये. तिसरे, फिरवताना खरखर लागते का ते कान देऊन ऐकावे.

गंजामुळे जाम झालेला टर्बो या तिन्ही परीक्षांत बहुधा पास होतो. कोळशाने किंवा ऑइलअभावी जाम झालेला नापास होतो. म्हणून मी सुरुवातीला म्हटले की तो कोठे अडकला ते आधी पाहा.

पाणी आले कोठून?

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. गरम बाजूला गंज सापडला, याचा अर्थ तेथे पाणी पोहोचले. ते कोठून आले हे न शोधता टर्बो साफ करून बसवणे म्हणजे छत गळत असताना लादी पुसणे.

आपल्याकडच्या अनेक ट्रॉलरवर धुराची नळी केबिनच्या मागून सरळ वर जाते. तिच्या तोंडाला झाकण नसेल तर दोन महिन्यांचा कोकणातला पाऊस नळीतून थेट टर्बोत उतरतो. हे सर्वांत साधे कारण. ज्या नौकांवर धूर समुद्राच्या पाण्यात मिसळून बाहेर सोडतात, तेथे टर्बोच्या लगेच पुढे पाणी आणि धूर मिसळणारा बाक असतो. खारे पाणी आणि गरम धूर यांच्या माऱ्याने हा बाक आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत असतो, आत भोक पडलेले असते आणि इंजिन थांबले की पाणी उलटे टर्बोत झिरपते. एका नौकेवर टर्बो छान साफ केला, जुनाच बाक परत लावला आणि तीन आठवड्यांत चक्र पुन्हा रुतले. बाक काढून उजेडासमोर धरला तेव्हा त्यातून आकाश दिसत होते. आणि तिसरा मार्ग, वर सांगितलेली कवचाची दुहेरी भिंत. रेडिएटरचे किंवा कूलरचे गोडे पाणी कारण नसताना कमी होत असेल, तर या भिंतीवर संशय घ्यावा. कवचात पाणी भरून, तोंडे बंद करून हवेचा हलका दाब दिला की गळती दिसते.

पाणी टर्बोत आले असेल तर ते मॅनिफोल्डमधून सिलिंडरपर्यंतही गेलेले असू शकते. अशा इंजिनाला थेट स्टार्टर मारला तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजेक्टर काढून, इंजिन आधी हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावे.

पुन्हा सुरू करताना

नवीन गॅस्केट लावावे, स्टडना कॉपर ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वेळी ते तुटणार नाहीत. ऑइलचा येणारा बारीक पाइप आणि खाली जाणारा जाड पाइप दोन्ही साफ आहेत ना ते फुंकून पाहावे. परतीचा पाइप तुंबला असेल तर ऑइल सीलमधून बाहेर पडते आणि दोष बिचाऱ्या टर्बोला दिला जातो. इंजिन ऑइल आणि फिल्टर नवे घालावे. टर्बोच्या ऑइलच्या तोंडातून स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा. मग डिझेल बंद ठेवून, स्टॉपचा दांडा ओढून, दहा-पंधरा सेकंद स्टार्टर फिरवावा, थोडे थांबून पुन्हा फिरवावा, ऑइलचा दाब येईपर्यंत. ज्यांच्या धुरात समुद्राचे पाणी मिसळते त्यांनी या वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा. इंजिन चालू नसताना पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो आणि ते उलटे इंजिनात चढते. इंजिनाने पेट घेतला की कॉक ताबडतोब उघडावा.

पहिली पाच मिनिटे मंद चालवावे. हवेचा पाइप उघडा असताना तोंडाजवळ हात नेऊ नये. एक फळी जवळ ठेवावी. टर्बोच्या सीलमधून ऑइल हवेच्या बाजूला शिरले तर इंजिन त्या ऑइलवरच पळू लागते आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबून हवा तोडणे हाच उपाय, हाताने किंवा कापडाने नव्हे.

समुद्रातच टर्बो बसला तर? चक्र केवळ अडकले असेल, ऑइल गळत नसेल, तर इंजिन कमी वेगात चालवून घरी येता येते. धूर काळा होणार नाही इतकेच अॅक्सिलरेटर द्यावे. ऑइल गळत असेल किंवा काही तुटल्याचा आवाज आला असेल तर थांबवावे. मोठ्या जहाजांवर टर्बो निकामी झाल्यास तो कुलूपबंद करून इंजिन कमी ताकदीवर चालवण्याची साधने दिलेली असतात. तेथे जाम होऊ नये म्हणून चालू इंजिनातच टर्बो धुण्याची पद्धत आहे. इंजिनाचा भार कमी करून गरम बाजूला पाणी सोडतात किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भरडा फवारतात. तो पाती न ओरखडता काजळी खरवडून नेतो. जहाजावर नोकरी केलेल्या कोणाही मोटरमनला विचारा, तो याचे किस्से सांगेल.

बाजारात जाताना

बदलायची वेळ आलीच, तर संपूर्ण टर्बो घेण्याची गरज नेहमी नसते. दोन्ही कवचे चांगली असतील तर फक्त कोर मिळतो. टर्बोवर रिव्हेट केलेली पट्टी असते, तिच्यावरचा नंबर अक्षर न अक्षर उतरवून न्यावा. 'अशोक लेलँडचा टर्बो द्या' एवढ्याने चालत नाही, कारण एकाच घराण्याच्या इंजिनांना निरनिराळे टर्बो असतात आणि जवळपासचा टर्बो बोल्टला बसतो, इंजिनाला बसत नाही. जुन्या कोरमध्ये नवे बुश घालून देणारा दुकानदार असेल तर त्याला एकच प्रश्न विचारावा, तोल कोणत्या मशिनवर काढला आणि त्याची पावती आहे का. सेकंदाला सोळाशे फेरे घेणाऱ्या शाफ्टचा तोल डोळ्यांनी पाहून निघत नाही. पावती नाही म्हणणाऱ्याचा माल कितीही स्वस्त असला तरी तो महाग आहे, कारण वहीत मी टर्बोच्या किमतीशेजारी जेटीवर बांधलेल्या दिवसांचा खर्चही लिहितो, खलाश्यांचा शिधा, पगार, विरघळलेला बर्फ, आणि तो आकडा पुष्कळदा टर्बोलाही मागे टाकतो.

बंदीच्या दोन महिन्यांत

महाराष्ट्रात पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते. त्याआधी शेवटच्या फेरीवरून आल्यावर इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढून नवे भरावे, जुन्या ऑइलात आम्ल साठलेले असते आणि ते दोन महिने बुशांवर राहू देऊ नये. मग हवेचा पाइप काढून दोन्ही बाजूंना ऑइलचा बारीक फवारा द्यावा, पाइप परत लावून तोंड बंद करावे. धुराच्या नळीच्या बाकाला खाली ड्रेनचा बोल्ट असल्यास तो काढून ठेवावा. नौका शाकारलेली असताना दर पंधरा दिवसांनी कोणीतरी जाऊन पंखा बोटाने चार फेरे फिरवावा. या कामाला अर्धा तास लागतो आणि ते घरातला शाळकरी मुलगाही करू शकतो.

धुराच्या नळीच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालून वर प्लास्टिक बांधावे, आणि त्याच दोरीचा एक लाल कापडाचा तुकडा इंजिनाच्या चावीला बांधून ठेवावा, म्हणजे ऑगस्टमध्ये कोणी डबा न काढता स्टार्टर मारणार नाही.